शाळा बंद झाली. मुलाच्या तब्येतीचं काय?

वस्तीतली शाळा बंद होते तेव्हा चर्चा होते ती पटाची, इमारतीची आणि शिक्षकांच्या बदल्यांची. "तुमच्या मुलांची सोय दुसऱ्या शाळेत केली आहे," असं सांगितलं की विषय संपला असं सगळे धरून चालतात. पण जुनी शाळा फक्त पाढे आणि कविता शिकवत नव्हती. दुपारचं जेवण, वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी, लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, पिण्याचं पाणी, मुलाला नावाने हाक मारणाऱ्या बाई, हे सगळं त्याच चार भिंतींत मिळत होतं. यातलं काय नव्या शाळेत मिळतं आणि काय वाटेत गळून जातं, हे पाहायला कोणी घरी येत नाही. ते आई-वडिलांनी आणि वस्तीनेच पाहायचं आहे. आरोग्याच्या पानावर आज शाळेचा विषय आहे तो यासाठी.

आपल्या राज्यात काय चाललं आहे

डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तिथली मुलं जवळच्या शाळांत पाठवायचं ठरवलं. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. अशा शाळा जवळपास १५ हजार निघाल्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं शिकत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले गेले. आजूबाजूच्या छोट्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, त्यांची बसने ने-आण करायची, अशी ती कल्पना. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी याला विरोध केला.

शहरात शाळा वेगळ्या पद्धतीने जाते. महापालिकेच्या मराठी शाळेचा पट घसरतो, मग दोन शाळा एका इमारतीत आणल्या जातात. कधी इमारत धोकादायक ठरते आणि मुलांची 'तात्पुरती' सोय लांबच्या शाळेत होते. तात्पुरतं म्हणता म्हणता दोन-तीन वर्षं निघून जातात. तोपर्यंत काही मुलं जवळच्या खासगी शाळेत जातात, काही घरी बसतात आणि उरलेली रोज मोठा रस्ता ओलांडून जातात.

छोट्या शाळेत सगळं चांगलंच होतं असंही नाही. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे मुलांचं नुकसान होतंच. नवी शाळा खरोखर चांगली असेल, वाचनालय, मैदान, प्रत्येक वर्गाला शिक्षक असेल, तर बदलाचा फायदाही होतो. प्रश्न इतकाच आहे की मूल त्या शाळेपर्यंत कसं पोहोचतं, काय खाऊन पोहोचतं आणि तिथे त्याला कसं वागवलं जातं.

अंतर अंगावर येतं

शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. इतक्या अंतरात शाळा नसेल तर वाहतुकीची सोय करणं हे सरकारचं काम आहे. मोठ्या माणसाला दोन किलोमीटर काहीच वाटत नाहीत. सात वर्षांच्या मुलाला मात्र तेच अंतर जाऊन-येऊन चार किलोमीटर पडतं, तेही पाठीवर दप्तर घेऊन.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावं, असा नियम आहे. मूल २५ किलोचं असेल तर दप्तर अडीच किलोपर्यंतच. चालणं वाढलं की हा नियम आणखी कडक पाळायला हवा. रोज वेळापत्रक पाहून दप्तर भरा. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावा. मूल पुढे वाकून चालत असेल, खांदा किंवा मान दुखते म्हणत असेल, तर आधी दप्तर उघडून पाहा.

दुसरा परिणाम झोपेवर होतो. शाळा लांब गेली की उठण्याची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे येते, झोपण्याची वेळ मात्र तीच राहते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास. झोप कमी पडलेलं मूल वर्गात पेंगतं, चिडतं, वाचलेलं विसरतं आणि मग "अभ्यासात लक्ष नाही" असा शिक्का बसतो. खोली एकच असेल, टीव्ही तिथेच असेल, तर निदान शाळेच्या दिवसांत तो रात्री नऊला बंद करण्याचा निर्णय सगळ्या घराने मिळून घ्यायला हवा.

तिसरी गोष्ट रस्त्याची. पहिले काही दिवस मोठ्या माणसाने मुलासोबत चालून वाट ठरवावी. जवळची वाट नेहमी सुरक्षित नसते. रेल्वेचा रूळ, ट्रकचा रस्ता, पावसाळ्यात भरणारा नाला टाळून दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. मुलं एकेकटी न जाता गटाने जावीत आणि गटासोबत रोज एक पालक पाळीपाळीने असावा. वस्तीतल्या आठ-दहा घरांनी ठरवलं तर एका घराच्या वाट्याला आठवड्यातून एखादाच दिवस येतो.

ताटातलं काय गेलं

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. हातावर पोट असलेल्या घरात हे जेवण म्हणजे दिवसातल्या अन्नाचा मोठा वाटा. शाळा बदलते तेव्हा इथे दोन ठिकाणी गळती होते.

पहिली गळती खासगी शाळेत गेल्यावर होते. हा आहार सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. जवळची म्हणून विनाअनुदानित शाळा निवडली तर हे जेवण बंद होतं. फीचा हिशेब आपण करतो, पण वर्षभराच्या डब्याचा खर्च त्यात धरत नाही. तोही धरून मगच निर्णय घ्या.

दुसरी गळती कागदातली. मुलाचं नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेच्या पटावर आणि ऑनलाइन 'सरल' नोंदीत वेळेवर गेलं नाही, तर आहार, पुस्तकं, गणवेश अशा सगळ्याच गोष्टींत अडचण येऊ शकते. प्रवेशानंतर पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा: "माझ्या मुलाचं नाव सरलमध्ये आलं का?"

सकाळी लवकर निघणाऱ्या मुलाला फक्त चहा-खारी देऊन पाठवू नका. रात्रीच्या भाकरीचा काला, फोडणीचा भात, मोड आलेली मटकी, उकडलेलं अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू, एखादं केळं, यातलं घरात जे असेल ते पोटात जाऊ द्या. जेवणासोबत चहा दिला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. लिंबू पिळलं तर जास्त लागतं. हा बदल बिनखर्चाचा आहे.

तपासणी आणि गोळ्या चुकतात

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन मुलांची तपासणी करतं. डोळे, कान, दात, त्वचा, हृदय, वाढ हे सगळं पाहतं आणि गरज असेल तर पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी देतं. ते उपचार मोफत असतात. समजा, पथक जुन्या शाळेत ऑगस्टमध्ये येणार होतं आणि शाळा जूनमध्ये बंद झाली. नव्या शाळेत पथक आधीच येऊन गेलेलं असेल, तर त्या मुलाचं वर्ष कोरडं जातं. ज्याला चष्म्याची किंवा कानाच्या उपचाराची चिठ्ठी आधीच मिळाली होती, त्याचा पाठपुरावा करणारे शिक्षकही बदललेले असतात.

म्हणून मुलाची आरोग्य तपासणीची चिठ्ठी दाखल्याइतकीच जपून ठेवा. मोबाइलवर तिचा फोटो काढा. नव्या शाळेत वर्गशिक्षकांना ती दाखवा आणि पथक कधी येणार ते विचारा. यंदाची तपासणी चुकली असेल तर आशाताईंना सांगा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

गोळ्यांचंही तसंच. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली जाते. लहान मुलांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं आणि मूल दुसऱ्यांदा घ्यायला तयार होत नाही. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये दिली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा वेळी शाळा बदलण्याच्या गडबडीत या गोळ्या सुटणं परवडणारं नाही. सुटल्या असतील तर आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

मुलींचं पाणी

नव्या शाळेतलं शौचालय घाण असेल, दाराला कडी नसेल किंवा दोनशे मुलींत एकच असेल, तर मुली एक उपाय स्वतःच शोधतात: पाणी पीतच नाहीत. सकाळी घोटभर पिऊन निघतात आणि दुपारी घरी आल्यावरच लघवीला जातात. याने लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. जळजळ, सारखी सारखी लघवी, ओटीपोटात दुखणं, ताप ही लक्षणं दिसली तर दवाखान्यात न्या. पाळी सुरू झालेल्या मुलीला दिवसभर कापड किंवा पॅड बदलता आलं नाही, तर ती महिन्यातले चार दिवस घरी राहते. मग खाडे वाढतात आणि "राहू दे शाळा, लांब आहे" हे वाक्य घरात ऐकू येऊ लागतं. शाळा लांब गेली की मुलीचं शिक्षण बरेचदा असंच हळूहळू सुटतं. मुला-मुलींसाठी वेगळं शौचालय आणि पिण्याचं पाणी ही कायद्याने ठरवलेली गोष्ट आहे, शाळेची मेहरबानी नाही. आयांनी नव्या शाळेत जाऊन शौचालय स्वतः आत जाऊन पाहावं.

मन दुखतं तेव्हा पोट दुखतं

मूल "मला जुन्या शाळेची आठवण येते" असं क्वचितच म्हणतं. ते म्हणतं, "पोटात दुखतंय." सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही. डोकं दुखतं, भूक मंदावते, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, एरवी बडबडं असलेलं मूल गप्प होतं किंवा धाकट्या भावंडाला मारायला लागतं. हे नाटक नाही. शाळेसोबत त्याचे मित्र, बाकावरची जागा आणि त्याला ओळखणारी मोठी माणसं एका दिवसात गेलेली असतात.

नव्या शाळेत कधी कधी आणखी एक ओझं येतं. "बंद शाळेची पोरं", "त्या वस्तीतली" असं म्हणून मागे बसवणं, खेळात न घेणं, कुठे कुठे जात विचारणं. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने ओतल्याशिवाय आपल्याला पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. शाळेतला अपमान अंगापर्यंत, तहानेपर्यंत कसा जातो, हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको. म्हणून मुलाला रोज "काय शिकलास?" याच्या आधी "कोणासोबत बसलास, कोणासोबत जेवलास?" हे विचारा. उत्तर सलग आठवडाभर "कोणासोबत नाही" असं आलं तर वर्गशिक्षकांना भेटा. कायद्याने शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. काय घडलं ते तारखेसह वहीत लिहा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या.

ही लक्षणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८ वर फोन करा.

शिकागोत काय आढळलं

शाळा बंद झाल्यावर मुलांचं पुढे काय होतं, याचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला तो अमेरिकेतल्या शिकागो शहरात. त्या वस्त्या कृष्णवर्णीयांच्या आहेत, आणि कारणंही ओळखीची वाटतील: पट कमी, वर्ग रिकामे, तिजोरीत तूट. २२ मे २०१३ रोजी तिथल्या शिक्षण मंडळाने एकाच बैठकीत सुमारे ५० सरकारी शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. जवळपास १२ हजार मुलं विस्थापित झाली आणि त्यांतली दहापैकी नऊ मुलं कृष्णवर्णीय होती.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या मुलांचा अभ्यास केला. १०० पैकी ९३ मुलं कागदावर आधीपेक्षा वरच्या दर्जाच्या शाळेत गेली, पण सर्वोत्तम दर्जाच्या शाळेत पोहोचली ती फक्त २१. ठरवून दिलेली शाळा सुमारे एक तृतीयांश मुलांनी घेतलीच नाही, कारण पालकांना घराजवळची, सुरक्षित वाटेवरची शाळा हवी होती. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. मुलांचे गुण घसरले ते नव्या शाळेत गेल्यावर नव्हे, तर शाळा बंद होणार अशी घोषणा झाली त्याच वर्षी, जुन्याच वर्गात बसलेले असताना. वाचनातली घसरण नंतर भरून निघाली. गणितातली चार वर्षांनीही पूर्ण भरली नाही. नव्या शाळांत जुनी मुलं आणि आलेली मुलं असे दोन गट पडले आणि भांडणं वाढली. आलेल्या शिक्षकांना आणि मुलांना जुनी शाळा गेल्याचं दुःख करायला जागाच मिळाली नाही. शिकागोच्या समाजशास्त्रज्ञ ईव्ह युइंग यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात याला शोकच म्हटलं आहे.

त्याच शहरातल्या ब्रॉन्झव्हिल भागातली डायट हायस्कूल ही शाळा टप्प्याटप्प्याने बंद करायचं २०१२ मध्ये ठरलं होतं. ती वाचवण्यासाठी २०१५ मध्ये पालक आणि कार्यकर्ते मिळून बारा जण ३४ दिवस उपोषणाला बसले. २०१६ मध्ये ती शाळा पुन्हा सुरू झाली.

यातून आपण घ्यायचं ते हे. मुलाची काळजी नव्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, तर शाळा बंद होणार ही बातमी वस्तीत आली त्या दिवसापासून घ्यायची. घरात मोठी माणसं "आता काय होणार पोरांचं" असं बोलतात, ते मूल कोपऱ्यात बसून ऐकत असतं. त्याला खरं सांगा: शाळा कधी बंद होणार, नवी कुठे आहे, सोबत कोण येणार, जुन्या मित्रांना कुठे भेटता येईल. जुन्या शाळेत शेवटच्या दिवशी एक निरोपाचा कार्यक्रम, सगळ्यांचा एक फोटो, एवढं तरी जरूर करा.

वस्तीने मिळून करायची कामं

१. दाखला लगेच घ्या. दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी दाखला ताबडतोब देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद तिथेच वाचून पाहा. शाळा बंद झाल्यावर ती चूक दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात.

२. नवी शाळा सुरू होण्याआधी चार-पाच पालकांनी, त्यांत निम्म्या तरी आयांनी, जाऊन पाहणी करावी. वाट, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची जागा, वर्गातली मुलांची संख्या, एवढं वहीत लिहून आणावं.

३. शाळा व्यवस्थापन समितीत जागा मागा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. विस्थापित मुलांच्या पालकांपैकी एक जण तिथे असेल तर अर्धे प्रश्न शाळेतच सुटतात.

४. अंतर नियमापेक्षा जास्त असेल तर वाहतुकीची सोय किंवा भत्ता मिळावा म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा सगळ्या पालकांच्या सह्यांनी दिलेला बरा.

५. विहारात रोज संध्याकाळी तासभर अभ्यासाला जागा करा. जुन्या शाळेतली मुलं तिथे एकत्र बसतील. कॉलेजातल्या एखाद्या ताई-दादाने गणिताकडे विशेष लक्ष द्यावं, कारण मागे पडलेलं गणित आपोआप भरून येत नाही.

६. रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने वजनकाटा घेऊन मुलांची वजनं करावीत. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा, मार्चमध्ये एकदा. पाच ते दहा वयाचं मूल वर्षाला साधारण दोन ते तीन किलो वाढतं. जून ते दिवाळीनंतर वजन जागचं हललं नाही किंवा कमी झालं, तर नव्या शाळेतलं जेवण, झोप आणि मन या तिन्हींची विचारपूस करा आणि मुलाला आरोग्य केंद्रात दाखवा.

यंदा ज्या वस्तीतली शाळा बंद किंवा विलीन झाली आहे, तिथल्या प्रत्येक मुलाचं नाव एका वहीत लिहा. नावासमोर पाच रकाने आखा: नवी शाळा, रोजची हजेरी, दुपारचं जेवण, आरोग्य तपासणी, वजन. महिन्यातून एकदा ती वही भरा. ज्या नावासमोर रकाना रिकामा दिसेल, त्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन या.